कवडूभाऊंचा पणजा

आमच्या लाखनीत मयतीचं पत्र घरात नेत नाहीत. कोपरा फाटलेलं ते कार्ड उंबऱ्याबाहेर उभ्यानंच वाचायचं, तिथंच फाडायचं आणि हातपाय धुऊन आत यायचं. माझ्या घरी मात्र ते फाडायच्या आतच समोरच्या पिठाच्या चक्कीतून एक पांढराफटक माणूस रस्ता ओलांडून धावत यायचा. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. सगळं पीठ.

"फाडू नोका मास्तरजी! मले द्या. कोन गेलं?"

"माझी मावससासू."

"गाव कोनतं? बापाचं नाव? आज्याचं?" मग माझा चेहरा पाहून "लय वाईट झालं बाप्पा" असंही म्हणायचे, पण ते सगळ्यात शेवटी.

हे कवडूभाऊ. चक्कीचे मालक. थोडी धानाची शेती, घरात ते आणि राहीबाई अशी दोघंच, मूलबाळ नाही. गावभरच्या मयतीच्या चिठ्ठ्या त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात साठवल्या होत्या. राहीबाईंनी तो डबा घरात काही येऊ दिला नाही, म्हणून तो बैलांच्या गोठ्यात टांगलेला असे. "बैलाईले सुतक लागत नाई," असा त्यांचा तोडगा.

चहाच्या टपरीवर नागपूरचा पेपर यायचा. त्यातल्या निधनवार्ता कवडूभाऊ कापून न्यायचे. त्यामुळे मागल्या पानावरच्या सिनेमाच्या जाहिरातीतला नायक आम्हाला नेहमी कमरेपासून खालीच दिसायचा. टपरीवाला ओरडला की ते शांतपणे सांगत, "सिनेमा उद्या बी राहीन जी. हा मानूस राहीन का?"

आता हा नाद कशापायी? तर कवडूभाऊ अंगावर पीत होते तेव्हाच त्यांचा बाप हैज्यानं गेला. आई पोर घेऊन लाखनीला भावाकडं आली आणि थोड्याच दिवसांत तीही गेली. मामाला एवढंच ठाऊक, की बाप मंगरू, आजा बुधा, आणि गाव सानगडीच्या बाजूचं कुठलं तरी. पण पितृपक्षात पाणी द्यायला नावं तीन लागतात. बाप, आजा, पणजा. पहिली दोन नावं कवडूभाऊ ठणकावून घ्यायचे. तिसऱ्याला नुसतेच ओठ हलवून पाणी सोडायचे. आपल्यामुळं एक म्हातारा दरसाल पंगतीतून उपाशी उठतो, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तो त्यांना झोपू देत नसे.

बरं, शोधायचा तरी कसा? आमच्या भागात मंगळवारी झाला तो मंगरू, बुधवारी झाला तो बुधा आणि दसऱ्याला झाला तो दसरू. आठवड्याला वार सातच असल्यामुळं ज्या गावी जावं तिथं बुधाच बुधा. असं झालं की कवडूभाऊ डोकं खाजवत म्हणत, "थोडा गुंता हाये जी."

एकदा तो गुंता त्यांनी मला खाटेवर बिड्या मांडून समजावून सांगितला. "हा आपला बुधा. हा त्याचा चुलतभाऊ, तो बी बुधाच. हा तिसरा बुधा आपला नाई, पन असू बी शकते." मी मान डोलावत होतो. मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला, पण असं अवघड प्रकरण माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तेवढ्यात दळण घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकानं सहज हात घालून एक बिडी उचलली आणि पेटवली.

"अबे! माह्या चुलत आज्याले काहून ओढून राह्यला?"

तो बिचारा इतका घाबरला की त्यानं जळती बिडी होती तशी परत ठेवली. मात्र कोणत्या जागी ठेवली कुणास ठाऊक. ती शाखा पुढं कधीच सरळ झाली नाही.

माझ्याकडं फटफटी होती, हा माझा गुन्हा. आमच्याकडं पुष्कळ घरी जाळत नाहीत, माती देतात, आणि ऐपत असली तर डोक्याशी एक दगड उभा करतात. रविवार आला की आम्ही कुठल्या तरी गावच्या तलावाच्या पाळीखाली, मसणवटीत. कवडूभाऊ दगडावर पाणी ओतायचे, नारळाच्या शेंडीनं घासायचे आणि अक्षर दिसलं तर त्यात कोळसा भरायचे. बहुतेक दगडांवर सूर्य-चंद्रापलीकडं काही नसे. मी उन्हात उभा राहून, आपण आज कोणत्या बुधासाठी आलोय, हे आठवत राही.

आणीबाणी उठली त्या साली सानगडीला एका दगडावर कोळसा भरता भरता कवडूभाऊ एकदम खालीच बसले. दगडावर होतं, 'बुधा वल्द दसरू'. म्हणजे दसरूचा मुलगा बुधा. पणज्याचं नाव लागलं!

त्या संध्याकाळी चक्कीवर ज्याला त्याला आलुबोंडा. एकानं विचारलं, "काय जी, राहीबाईच्या भाचीले पोरगा झाला का?"

"नाई. मले पनजा झाला."

पुढं दर अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या तिजेला, ते सानगडीला जात. दगडाला चुना लावत, तलावातून मातीची घागर भरून पितरांच्या नावानं तिथं ठेवत. आणि पितृपक्षात तिसरं नाव असं खड्या आवाजात घेत, की माझ्या घरी ऐकू यायचं. माणूस जाड झाला, हसू लागला. मयतीची पत्रंसुद्धा मी फाडली तरी चालू लागली.

असं काही वर्षं चाललं. मग एका तिजेला आम्ही पोचलो, तर दगडापाशी एक म्हातारी उभी. मागं तिचे दोन बाप्ये मुलगे.

"कोन हो तुमी?" तिनं विचारलं.

"नातू. या बुधाचा."

"नातू तं हे हायेत, माह्या मांगं उभे. हा माहा सासरा. त्याले मंगरू नावाचा पोरगाच नव्हता बापा. आमी कायले इसरू?"

कवडूभाऊंनी दगड पुन्हा एकदा वाचला.

"मंग चुना तुमी लावून राह्यले का?" म्हातारी मुलांकडं वळली. "मोठा मले सांगे मी लावतो. लहाना सांगे मी लावतो!" दोघंही फार लक्ष देऊन तलावाचं पाणी पाहू लागले.

मला हसू आलं, पण कवडूभाऊंकडं पाहून मी ते आवरलं. "थोडा गुंता..." एवढं म्हणून ते थांबले. खाली वाकून त्यांनी घागर उचलायला घेतली.

"भरली घागर मांगं नेत नाईत," म्हातारी म्हणाली. "राहू दे तिथंच."

त्या पितृपक्षात समोरच्या घरातून तिसरं नाव ऐकू आलं नाही. मला फार वाईट वाटलं. वाटलं, त्या दिवशी फटफटी बिघडली असती तर बरं झालं असतं.

पुढल्या तिजेला सकाळीच कवडूभाऊ दारात उभे. हातात नवी कोरी घागर. ती राहीबाईंनी बाजारातून आणली होती.

"काढा फटफटी."

"कुठं?"

"सानगडीले."

"अहो, पण तो तुमचा आजा नाही ना!"

"मालूम हाये जी. पन इतके साल पानी देल्लं. तो म्हातारा आता वाट पाह्यत असन. त्याले काय मालूम, मी कोनाचा कोन." त्यांनी घागरीवरून हात फिरवला. पीठ तिच्यावर उमटलं. "अन् मास्तरजी, आमा दोघाईच्या मांगं कोन हाये? उद्या माह्या दगडापाशी कोनी चुकून आला, तं मी त्याले म्हनीन का, बाबा, तू माहा नोहोस?"

मी फटफटी काढली. घागर मांडीवर धरून ते मागं बसले. रस्त्यात कुठं आदळून ती फुटू नये म्हणून सानगडीपर्यंत मी फटफटी फार हळू चालवली.