एका ओळीला एक शब्द

कोडची एक ओळ लिहिली की लिहिणाऱ्याच्या तोंडचा एक शब्द कायमचा जातो, म्हणून कोड धाकट्यांनी लिहायचा, आणि असं का ते विचारायचं नाही, हा वडजाई द्राक्ष संघाचा नियम तेजल बोरस्तेला ती रुजू झाली त्याच दिवशी सांगितला होता.

तिच्याआधी सुहासदादा कोड लिहायचा. त्याच्याकडे आता दोनच शब्द उरले होते, 'बरं' आणि 'चहा'. बायकोलाही तो 'चहा' अशीच हाक मारायचा आणि ती बिचारी ओ द्यायची. हजेरीच्या ॲपमध्ये तेजलचे एकोणीस शब्द गेले होते. वडिलांच्या बहिणीला बोलवायचं झालं, तर ती जवळ जाऊन पदर ओढायची.

मंगळवारच्या बैठकीत शीतगृहात कुणाचा माल कधी ठेवायचा, त्या नंबरांचं ॲप कशावर बनवायचं ते ठरणार होतं. तेजलने नो-कोड प्लॅटफॉर्म दाखवला. तयार चौकोन ओढून जागेवर ठेवायचे. शब्द कुणाचाच जात नव्हता.

"ज्याची गाडी आधी, त्याचा माल आधी आत. दुपारपर्यंत तयार होईल."

अध्यक्ष बाजीनानांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि माझी गाडी उशिरा आली तर?"

"तर माल उशिरा जाईल, नाना."

"आमच्यासाठी एखादा चौकोन असेल की."

"नाहीये."

"मग तो कोडवालाच घ्या," सचिव गुलाबकाका म्हणाले. "त्यात पाहिजे ते बसवता येतं. नानांची गाडी आधी, ही एक ओळ. माझ्या जावयाची, दुसरी. सगळ्यांचं धरून किती होतील गं?"

"चाळीस."

"चाळीसच ना! तुम्हा पोरींना शब्दांचा काय तोटा? दिवसभर तोंड चालूच असतं."

सगळे हसले. "आमच्या वेळी..." म्हणून नानांनी सुरुवात केली आणि ते वीस मिनिटं बोलले. त्यांचा एकही शब्द कधी गेला नव्हता.

तेजलची कानशिलं तापली. "या चाळिसात माझा 'आई' गेला तर?"

"विचारायचं नाही, सांगितलंय ना तुला?" काका म्हणाले.

तेजल उठली. तिने कीबोर्ड उचलून नानांपुढे ठेवला.

"मी लिहिणार नाही. एकही ओळ नाही. गाडी तुमची, तर शब्दही तुमचाच जाऊ दे."

नानांनी कीबोर्ड काकांकडे सरकवला, काकांनी खजिनदारांकडे. टेबलाला फेरी मारून तो पुन्हा नानांपुढे आला. त्यांनी एक बोट पुढे केलं, मग मागे घेतलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेही मिटलं. बाकीचेही ओठ घट्ट आवळून बसले, उघडले तर एखादा शब्द निसटेल अशा भीतीने.

तेजलने पहिला चौकोन ओढून जागेवर ठेवला.

"बरं," कोपऱ्यातून सुहासदादा म्हणाला.