बैठकीतला समुद्र

मी कुणाचा मत्सर करत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, प्रदोष, चतुर्थी... मत्सराला बसायला माझ्या आठवड्यात वारच शिल्लक नाही!

फक्त समोरच्या शकुंतलाबाईंकडे नागपूरहून माशांची काचपेटी आली, आणि त्या दिवशी माझ्या साबुदाण्याला चव लागली नाही. एवढंच.

शकुंतलाबाईंचे यजमान सरकीचे व्यापारी. पेटी केवढी, तर आमच्या देव्हाऱ्याएवढी! आत लाल मासे. पण अख्खं वर्धा लोटलं हो बघायला. एरवी माझ्याकडे पोथी ऐकायला येणाऱ्या बायका पोथी अर्धी टाकून मासे पाहायला जायला लागल्या. शेवटी मीही गेले. शेजारधर्म म्हणून.

"या नं भागीरथाबाई," शकुंतलाबाई गुळात तूप घातल्यासारख्या बोलल्या. "तुमच्या इथं सारे फोटोत. आमच्या इथं जित्ते हायेत!"

आमच्या यांचं तसबिरींचं दुकान. लक्ष्मी, दत्त, शंकर, सगळे काचेच्या चौकटीत बसवून देतात. त्यावर हा टोमणा! मी हळू बोलणारी बाई, आणि रागावले की तेवढंही बोलत नाही. पण आषाढी एकादशीला देवळात, सगळ्या बायकांच्या देखत, हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला: चातुर्मासभर माशांना कणकेच्या गोळ्या घातल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही!

घरी येऊन यांना सांगितलं. म्हटलं, "आता आपल्याकडेही काचपेटी लागणार. व्रताचा प्रश्न आहे."

"पेटी काऊन?" हे म्हणाले. "पवनारले धाम नदी हाय. मासेच मासे! सायकलवर नेतो तुले."

"रोज? आणि माझं मौन असतं सकाळचं!"

माझा नेम असा, की उठल्यापासून पोथी वाचून होईपर्यंत पोथीशिवाय तोंडातून अक्षर काढायचं नाही, आणि एकदा पाटावर बसलं की पोथी मिटेपर्यंत उठायचं नाही.

"मौन असते म्हणून तर नेतो म्हनतो!" हे म्हणाले.

नेलं बिचाऱ्यांनी. मी मागे बसून, डबा सांभाळत, तोंड मिटून. चढावर यांचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा वाजायचा. थोड्याच दिवसांत यांच्या पोटऱ्यांनी हात जोडले आणि काचपेटीचा विचार आपोआप पटला!

एकदा पटला की मात्र आमचे हे मागे पाहणारे नव्हेत. "पेटी बनवाचीच तं लाल मासे काऊन? ते तं कोनाच्याबी घरी असतात. आपन समुद्र आनू!"

"समुद्र?" मी म्हटलं. आमच्या जिल्ह्यात समुद्र म्हणजे समुद्रपूर, आणि तिथे कापसाशिवाय काही पिकत नाही.

"अवं, गेल्या साली आपन मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो का नाई? मंग मुंबईचा समुद्र आता आपलाच झाला!"

इतका सरळ हिशेब मला कधी सुचला नसता. मी मनातल्या मनात शकुंतलाबाईंची पेटी आणि आमचा समुद्र शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्या रात्री साबुदाण्याला फार चव लागली.

बैठकीत यांनी लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा उभा केला. टाकी अशी लांबलचक, की पाहुणा आला तर आत झोपवता आला असता! काच दुकानातली, तसबिरींना लावतात तीच.

"पातळ नाही ना होणार?" मी विचारलं.

"साक्षात लक्ष्मीले पुरते ते, तं माशाले नाई पुरत?"

आता लक्ष्मी काही काचेला आतून रेटत नाही, पण नवऱ्याशी वाद घालायचा नाही हाही माझा एक नेम आहे. सांध्यात खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेली लांबी भरली. विहिरीचं पाणी घालून पाहिलं, तर टाकी चारी कोपऱ्यांतून रडायला लागली आणि बैठकीत ठेवलेले मारुतीचे फोटो पोहत दारापर्यंत गेले. "लंकेले निघाला!" म्हणून हे हसले. मग वरून डांबर फासलं, तेव्हा कुठे गळायची थांबली. घराला मात्र महिनाभर नव्या सडकेचा वास येत होता.

माझा धाकटा भाऊ मधुकर रेल्वेत. त्याची मुंबईला ये-जा. त्याने पिंपं भरभरून समुद्र आणला! आणि ओल्या फडक्याने तोंड बांधलेल्या घागरींत मासे. चांदीसारखे, चपटे, अंगावर काळे ठिपके.

"खाडीतले हायेत ताई," तो म्हणाला. "भरतीले खारं पानी, पावसाळ्यात गोडं. पठ्ठे कशातबी जगतात."

मासे टाकीत सोडले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शकुंतलाबाईंचे लाल मासे यांच्यापुढे म्हणजे वरातीपुढे गॅसबत्ती घेऊन चालणारे! मी लगेच हातावर पाणी घेतलं आणि संकल्प नदीवरून टाकीवर आणला: यापुढे ह्याच माशांना गोळ्या, दुसऱ्या नाहीत.

"पक्का कर, पक्का!" हे सायकलकडे बघत म्हणाले.

पण घागरी स्टेशनवरून येताना साऱ्या आळीने पाहिल्या होत्या. संध्याकाळी आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या धुरपताबाई दारात उभ्या.

"काय व भागीरथे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "चातुर्मासात मासे आनले म्हनते तुनं! घागरी भरून!"

"अहो, खायला नव्हेत!"

"मंग लोनचं घालतं काय?"

मी कपाळाला हात लावला. ही बातमी आळीत कुणी सोडली ते मी सांगणार नाही, निंदा करायची नाही हा माझा गुरुवारचा नेम आहे. पण तिच्या घरी लाल मासे आहेत! आता माझ्या आयुष्यभराच्या उपासांची अब्रू त्या टाकीत पोहत होती. मी धुरपताबाईंना आत नेलं, टाकी दाखवली आणि म्हटलं, "हा समुद्र आहे. खराखुरा. नारळी पौर्णिमेला आळीतल्या सगळ्यांना दर्शनाला बोलावते आहे. शकुंतलाबाईंना तर मानाने."

"समुद्रदेव?" धुरपताबाईंनी पदर सावरून टाकीला हात जोडले. "मी समुद्र न पाह्यताच मरतो काय असं वाटे मले. अन् देव शेजारी चालत आला व माय!"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की नुसतं बघायचं. पण माझं सगळं लक्ष शकुंतलाबाईंचा चेहरा कसा उतरेल याकडे!

पौर्णिमा उजाडली. पौर्णिमेला अख्खी पोथी एका बैठकीत वाचायची असते. म्हटलं, बायका दुपारी येतील, तोवर पोथी होईल. टाकीसमोर पाट मांडला, मौन धरलं आणि वाचायला बसले. यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, "शकुंतलाबाईंना स्वतः जाऊन घेऊन या. पहिलं दर्शन त्यांनाच!" त्याप्रमाणे हे सकाळीच गेले.

आणि यांची पाठ वळली नाही तोच धुरपताबाई आळीतल्या साऱ्या बायका घेऊन दारात!

"समुद्राची पूजा सकाळच्यालेच करा लागते," त्या म्हणाल्या आणि टाकीत बोट बुडवून चाखलं. "माय व! खारं हाय! खरा समुद्र हाय!"

मग काय विचारता! प्रत्येकीने बोट बुडवलं. हळद पडली, कुंकू पडलं, फुलं पडली. मासे बिचारे हळदीच्या ढगांतून वाट काढत होते. मी पाटावरून हात हलवला. नको, नको!

"पाह्य, आशीर्वाद देऊन राह्यली!" धुरपताबाई म्हणाल्या.

मी जोराने मान हलवली.

"अंगात आलं वाटते!"

बोलता येत नाही, उठता येत नाही. उरली पोथी. मी आवाज चढवला. हळू बोलणारी बाई मी, पण त्या दिवशी ओव्या अशा गरजले की रस्त्यावरचा बैल बुजला! बायकांनी डोळे मिटून माना डोलावल्या. "कशी रंगली व! एवढी कधी नाई रंगली!"

तेवढ्यात एकीला तीर्थ घरी न्यायची बुद्धी झाली. तिने लोटी बुडवली. धुरपताबाईंनी तिचा हात धरला. मला वाटलं, सुटले! देवाने बुद्धी दिली म्हातारीला!

"अशी नेऊ नाई व. शेजारनीचं भांडं रिकामं परत करते काय तू कधी? मंग देवाचं कसं करतं? एक लोटी ने, अन् घरच्या विहिरीची एक लोटी टाक. समुद्र आटला तं पाप भागीरथेले लागंन!"

पटलं सगळ्यांना. आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा साखरेचा दाणा टाकल्याशिवाय परत जात नाही. घराघरातून लोट्या आल्या, तांबे आले, मग घागरी आल्या. समुद्र पुढच्या दाराने बाहेर चालला होता आणि आमच्या आळीच्या विहिरी मागच्या दाराने आत! मी ओवीमागून ओवी ओरडत होते. पानं काही संपेनात. आणि शकुंतलाबाई काही येईनात! साडी निवडत होत्या, असं मागाहून कळलं.

शेवटी आल्या. मागे आमचे हे, वरातीत मागे पडलेल्या नवरदेवासारखे. माझं शेवटचं पान सुरू होतं. ज्या क्षणासाठी सायकल, डांबर, मुंबई हे सारं केलं, तो क्षण आला! शकुंतलाबाई टाकीपाशी वाकल्या, बोट बुडवलं, चाखलं.

"हे तं गोडं पानी हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या पेटीतल्यासारखंच!"

मी एकच ओळ दोनदा वाचली.

"गोडं?" धुरपताबाई धावल्या. चाखलं. डोळे विस्फारले. "सकाळी खारं होतं! माय व, भागीरथेच्या पोथीनं समुद्र गोडा झाला!"

"चमत्कार!" बायका म्हणाल्या. शकुंतलाबाईंचा चेहरा पडला. अगदी मी योजला होता तसा! खोटं कशाला बोलू, वाचतील त्यांनी क्षमा करावी, मी ती शेवटची ओवी जरा लांबवली. मौनच होतं, मी कुठे काही म्हणत होते?

पण धुरपताबाईंना राहवेना. "बोला, समुद्रदेव की जय!" म्हणून त्यांनी ओटीतला नारळ काढला आणि टाकीत सोडला. सोडला म्हणजे वरून, भक्तीने, हात उंच करून! नारळ टाकीच्या काठावर आपटून पुढच्या काचेवर घसरला. लक्ष्मीला पुरणारी काच समुद्राला पुरली नाही.

पोथी, पाट, मी, बायका, सगळ्यांना घेऊन समुद्र आळीत निघाला! मासे जाजमावर तडफडायला लागले. माझे व्रताचे मासे! ओवीचे दोन शब्द राहिले होते. मी पाटावरून उडी मारली, आणि सकाळपासून कोंडलेला पहिला शब्द तोंडातून बाहेर पडला.

"शकुंतलाबाई! तुमची पेटी!"

आणि सांगते, त्या बाईने नवी साडी खोचली, गुडघ्यावर बसून पदरात मासे गोळा केले. घागरीत घालून आम्ही धावत समोर नेले. एकही गेला नाही. मधुकर खरं बोलला होता, पठ्ठे कशातही जगतात.

तिथेही जगले. नुसते जगले नाहीत, अंगाने सुटले! आणि माझा संकल्प तर ह्याच माशांचा. म्हणून रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घेऊन, मौन धरून, मी शकुंतलाबाईंच्या दारात उभी. त्या आल्यागेल्यांना सांगायच्या, "हे आमचे समुद्राचे मासे. अन् ह्या भागीरथाबाई, रोज त्याइले खाऊ घालाले येतात." मला उत्तर देता यायचं नाही! मासेही असे, की माझ्या हातची गोळी खाऊन शेपटी फिरवायचे आणि शकुंतलाबाईंच्या बांगड्या वाजल्या की काचेला येऊन चिकटायचे!

कार्तिकी एकादशी आली. सुटले म्हणते, तर धुरपताबाई म्हणाल्या, "उद्यापन कराचं नं? ज्या घरी व्रत पार पडलं, तिथल्या सवाष्णीले साडी द्या लागते. पह्यल्या मानाची!"

बाजारात गेले. देवाशपथ, मुद्दाम नव्हे, पण मला जी सगळ्यांत भडक दिसली तीच घेतली. पोपटी, वर जांभळे काठ. दुकानदारही म्हणाला, "बाई, हे कोनी नेत नाई!"

शकुंतलाबाई दुसऱ्या दिवशी ती नेसून देवळात आल्या.

काय सांगू! शोभली हो!