हरिचंद सोंगाड्या गप्प होतो

शेषराव मास्तरांना आधी मनात वाचून मग मोठ्यानं वाचायची सवय नव्हती, आणि सगळा घोटाळा तिथूनच झाला.

वसमतपासून आठ मैलांवरच्या पिंपळगव्हाणात दर रविवारी सकाळी विहारात वंदना होई. ती झाली की मास्तर एका जुन्या पुस्तकातली पाच पानं वाचून दाखवत. पाच म्हणजे पाच. मजकूर कुठंही आलेला असो, पाचवं पान संपलं की मास्तर कोपरा दुमडत, पुस्तक मिटत आणि चष्मा काढत. शाळेतही ते असंच शिकवत. घंटा झाली की अकबर अर्ध्या लढाईत उभा राहायचा.

त्या रविवारी पाचव्या पानावर एक नट आला. नाटकमंडळीचा नायक होता तो. त्यानं भगवंतांना विचारलं की, जो नट लोकांना हसवतो तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो असं आमचे जुनेजाणते सांगतात, ते खरं का? भगवंत म्हणाले, राहू दे, हे मला विचारू नकोस. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं. भगवंत पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्यांनी सांगितलं. मास्तरांनी पाढे म्हणायच्या खणखणीत आवाजात वाचलं की, असा नट नरकात जातो.

वाचून झाल्यावर मास्तरांच्या ध्यानात आलं की आपण काय वाचलं. पण तोवर विहारातल्या तीसचाळीस माना तिसऱ्या रांगेकडं वळल्या होत्या. तिथं हरिचंद बसला होता.

हरिचंद एके काळी तमाशात सोंगाड्या होता. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली आणि त्यानं फड सोडला. त्याला आता अठरा वर्षं झाली होती. हरिचंद साठीला आला होता, शेतात मजुरी करत होता. पण गावातलं लेकरूसुद्धा त्याला बघून आधीच हसायला लागे.

हरिचंद उठून उभा राहिला. "मास्तर, ज्यानं फड सोडला त्याला काही सूट लिहेल हाय का तिथं?"

मागं दोघंतिघं फिसकन हसले. हरिचंदनं मागं वळून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. एक वाक्य बोललं तर हे होतंय.

मास्तरांनी घाईनं कोपरा दुमडला. "पाच पानं झाली," ते म्हणाले. "आज एवढंच."

घरी गेल्यावर मास्तरांना पुढचं पान उघडून बघता आलं असतं. पण त्यांना धीर झाला नाही. एका पानात माणूस नरकात गेला, पुढच्या पानात तिथं त्याचं काय काय करतात ते लिहिलेलं असणार, अशी त्यांची समजूत झाली. पुढच्या रविवारी त्यांनी तो सगळा भाग ओलांडून दानाचं महत्त्व वाचायला घेतलं.

इकडं हरिचंद रात्रभर विचार करत होता. फड सोडला हे खरं, पण तोंड कुठं सोडलं? अठरा वर्षं आपण पारावर, बांधावर, लग्नात, बाजारात लोकांना हसवतोच आहोत. सकाळी त्यानं बायकोला, मिराबाईला, सांगितलं, "आजपासून मी कुणाला हसवणार न्हाई."

मिराबाई खो खो हसली.

"बघितलंस?" हरिचंद म्हणाला. "हे असं होतंय." आणि त्या दिवसापासून तो बोलायचाच बंद झाला.

मिराबाईनं पस्तीस वर्षं नवऱ्याला गप्प बसवायचा प्रयत्न केला होता, त्यामुळं पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिनं भाजीत मीठ घातलं नाही. हरिचंदनं भाकरीबरोबर ती भाजी मुकाट्यानं खाल्ली. चौथ्या दिवशी तिनं मूठभर मीठ घातलं. हरिचंदनं तांब्याभर पाणी पिऊन तीही खाल्ली. पाचव्या दिवशी मिराबाई शेजारणीला म्हणाली, "घरात माणूस हाय का खांब हाय, काही समजून न्हाई राहिलं."

पण गप्प बसून प्रश्न सुटला असता तर बरं. त्याच आठवड्यात गल्लीतल्या जनकाबाईचा सासरा वारला. नव्वदीचा म्हातारा, पिकलं पान. हरिचंद समाचाराला गेला आणि भिंतीला टेकून, मान खाली घालून बसला. हरिचंद आलाय म्हणजे आता काहीतरी बोलणार, म्हणून माणसं थांबली. तो बोलेना. त्याचा उतरलेला चेहरा आणि जमिनीला लागलेले डोळे बघून कुणाला वाटलं, हा म्हाताऱ्याचीच नक्कल करून राहिला. म्हातारा बराबर असाच बसायचा. आधी एकानं धोतराचा सोगा तोंडाला लावला, मग दुसऱ्यानं. शेवटी खुद्द जनकाबाई पदरात तोंड खुपसून हलायला लागली, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटलं, बिचारी किती रडती.

हरिचंद तिथून उठून आला तो थेट मास्तरांकडं. बोलायचं नाही हे ठरलेलं, म्हणून बराच वेळ नुसता उंबऱ्यात उभा राहिला. मग म्हणाला, "मास्तर, बोललो तर हसतेत. न बोललो तर जास्त हसतेत. मी करू काय?"

मास्तरांना हसू आलं. ते दाबायला त्यांना खोकावं लागलं.

"तुमी बी?" हरिचंद म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर उत्तमराव आले. उत्तमरावांची सहा एकर हळद होती, आणि हळद शिजवायच्या कामावर हरिचंद दर साली असे. कढईची धग, वर चैत्राचं ऊन, धुरानं डोळे लाल झालेले. असलं काम माणसं हरिचंदच्या बोलण्यावरच ओढून नेत. यंदा तो मुकाट्यानं जळण सारत होता. दुपारपर्यंत गडी एकमेकांवर वसकायला लागले, संध्याकाळी दोघं काम सोडून गेले.

"मास्तर," उत्तमराव ओट्यावर टेकत म्हणाले, "तुमच्या पुस्तकातलं मला काही कळत न्हाई. पण माझी निम्मी हळद कच्ची पडून हाय. त्याला म्हणावं, बाबा, दोन दिस बोल, मग जा कुठं जायचं तिकडं."

"तसं सांगता येत नाही," मास्तर म्हणाले.

"काहून?"

"नरकाचा प्रश्न आहे."

उत्तमरावांनी डोकं खाजवलं. "मग माझं काय म्हणणं हाय, ते पुस्तक कुणाला तरी दाखवा. शिकलेल्या माणसाला."

मास्तरांना हे लागलं, पण पटलंही. त्यांनी नांदेडच्या भंतेंना एक कार्ड लिहिलं: 'लोकांना हसवणारा इसम नरकात जातो किंवा कसे, याबाबत खुलासा व्हावा. इसम गावातील आहे. हळदीचे काम थांबले आहे.' आठ दिवसांनी उत्तर आलं: 'वैशाख पौर्णिमेस येत आहे. पुस्तक जपून ठेवावे.'

पौर्णिमेला विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. विहाराचा कारभार बघणाऱ्या जळबानं बाहेर ताडपत्री बांधली होती आणि तिच्याखाली उत्तमरावांसकट अर्धं गाव येऊन बसलं होतं. हरिचंद नरकात जातो की नाही, हे सगळ्यांनाच ऐकायचं होतं. भंते किरकोळ अंगाचे, चाळिशीचे होते. वंदना झाली, पंचशील झालं. मग हरिचंद उठला, हात जोडले आणि म्हणाला, "भंते, मी जाणार का न्हाई, तेवढं सांगा."

माणसं ओठ चावून बसली. भंते हसले नाहीत. त्यांनी मास्तरांकडून पुस्तक मागून घेतलं आणि दुमडलेला कोपरा उघडला.

"मास्तर, पुढचं पान वाचलं का?"

मास्तर चष्मा पुसायला लागले.

"कुणीच नाही वाचलं?"

"पाच पानं झाली होती, भंते," जळबा मास्तरांच्या बाजूनं म्हणाला.

भंतेंनी पुस्तक मास्तरांच्या हातात परत दिलं. मास्तरांनी वाचलं, या वेळी अगदी हळू. भगवंतांचं उत्तर ऐकून तो नट रडायला लागला. भगवंत म्हणाले, म्हणूनच मी सांगत नव्हतो. नट म्हणाला, मी त्यासाठी रडत नाही, जुन्याजाणत्यांनी मला इतकी वर्षं फसवलं म्हणून रडतो. मग त्यानं दीक्षा घेतली, भिक्खू झाला, आणि पुढं अर्हत पदाला पोचला.

मास्तरांनी चष्म्यावरून हरिचंदकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. महिनाभर त्या एका पानानं त्यांची झोप घालवली होती.

तेवढ्यात बायकांतून मिराबाई उठली. "म्हंजे आता ह्यांना संगं नेता का काय?"

"नाही, बाई," भंते म्हणाले.

"नेणार असाल तर पावसाळ्यानंतर न्या. आधी घर शाकारून घ्यायचं हाय."

"मी कुणाला न्यायला आलो नाही," भंते म्हणाले. मग ते हरिचंदकडं वळले. "मूळ गोष्ट अशी आहे. ज्याच्या हसवण्यानं लोकांचा लोभ वाढतो, राग वाढतो, मोह वाढतो, त्या नटाबद्दल ते उत्तर आहे. तुमच्या सोंगानं कुणाचं काय वाढलं, ते तुम्हीच आठवून सांगा."

हरिचंद खाली बसला आणि खरंच आठवायला लागला. सभा थांबली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "लोभ न्हाई वाढला कुणाचा. लोभ वाढावा असं कुणापाशी काही नव्हतंच. मोह म्हणाल तर नाचणारी बघून वाढत असंल, मी आलो की उतरत होता. पर राग वाढला, भंते. एकाचा वाढला."

"कुणाचा?"

"त्या टायमाच्या पाटलाचा. पोलीस ॲक्शननंतर दोन सालांनी, जत्रंत. पाटील म्होरं खुर्चीत बसले होते. खुर्चीचा एक पाय मोडका होता, म्हणून त्यांचा गडी संतराम मागून खुर्ची धरून उभा. सोंगात राजानं मला इचारलं, ह्या गावात सगळ्यात ताकदवान माणूस कोण? मी म्हणलं, जो खुर्चीत बसलाय त्यो न्हाई महाराज, जो खुर्ची धरून उभा राहिलाय त्यो. त्यानं हात काढला का झालं. हे ऐकून संतरामला हसू आलं, आन् त्यानं हात काढला."

विहार आणि ताडपत्री एकदम हसली. उत्तमराव मांडीवर थाप मारून हसले. मास्तरांनी पुस्तकाआड तोंड लपवलं. भंतेंनी मात्र डोळे मिटून घेतले आणि सगळे शांत होईपर्यंत ते उघडले नाहीत.

"मग?" त्यांनी विचारलं.

"भंते, तीनची गाडी," जळबा म्हणाला. "ही चुकली तर एकदम उद्या."

मग धावपळ झाली. कुणी भंतेंची झोळी घेतली, कुणी छत्री. फाट्यावर पोचेस्तोवर एसटी येऊन उभी होती. भंते चढले, खिडकीपाशी बसले. सगळ्यांनी हात जोडले. कंडक्टरनं दोरी ओढायला हात वर केला, तेवढ्यात भंतेंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"हरिचंद, इकडं या."

हरिचंद धावत खिडकीखाली गेला. त्याला वाटलं, निकाल राहिला होता तो आता सांगणार.

"पाटील खाली पडले," भंते हलक्या आवाजात म्हणाले. "मग काय झालं?"

हरिचंदनं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी आभाळाकडं बघितलं. कंडक्टरनं दोरीवरचा हात खाली घेतला आणि तोही खिडकीकडं सरकला.

"मग काय, भंते," हरिचंद म्हणाला. "पाटील उताणे पडलेले. संतराम हसून राहिला, त्यो काय उचलतो. बाकी कुणाची हिंमत होईना. शेवटाला मीच उडी मारून खाली उतरलो, दोन्ही बगलंत हात घातले आन् त्यांना अर्धं उभं केलं. तव्हा त्यांच्या ध्यानात आलं का धरलंय कुणी. काळच तसा होता, भंते. पाटील वरडले, 'सोड, शिवू नको मला.'"

"मग?"

"पाटलाचा हुकूम. सोडलं."

आधी कंडक्टर हसला, मग ड्रायव्हर, मग सगळी गाडी. भंतेंनी पिवळ्या चीवराचं टोक तोंडावर ओढून घेतलं आणि खिडकीतून मान आत घेतली. घंटा द्यायची कुणाला आठवणच राहिली नाही. ड्रायव्हरनं आपलीआपणच गाडी काढली.

धूळ बसली तरी हरिचंद आणि मास्तर रस्त्यात उभे होते. वैशाखाची दुपार, झाडाचं पान हलत नव्हतं. लांब वळणावर गाडीच्या एका खिडकीत पिवळं कापड मात्र सारखं हलताना दिसत होतं.

"वारा असेल," मास्तर म्हणाले.

हरिचंदनं डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "लई वारा हाय."