रिंगणातून बाहेर पडायची रीत

लिओनी प्रॅटची ड्रायव्हिंगची परीक्षा तीन वाजता होती आणि पावणेतीनला ती कोरिंगल गावाबाहेरच्या एका कुरणात, हातात मेणबत्ती धरून, मंतरलेल्या रिंगणात अडकली होती. रिंगण तिच्याच यशासाठी घातलेलं होतं.

आधी ती दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा गावातल्या एकुलत्या एका गोल चौकात. ऑस्ट्रेलियात सूर्याकडे तोंड केलं की तो उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून निसर्गदेवीला भजणाऱ्या तिच्या मंडळातल्या बायका रिंगण घड्याळाच्या काट्यांच्या उलट घालतात. लिओनी वर्षानुवर्षं तसंच घालत आलेली. त्यामुळे गोल काही दिसलं की, गाड्या काट्यांप्रमाणे जात असल्या तरी, तिचे हात आपोआप पुण्यमार्गाला लागत आणि परीक्षक डोळे मिटून घेई. सोमवारपासून म्हाताऱ्यांना घरपोच जेवण पोचवायची नोकरी होती. लायसन्स नाही तर नोकरी नाही.

घोळ फिलिपानं घातला. ती नुकतीच इंग्लंडहून आलेली. पहिल्याच सणाला, म्हणजे इथल्या ऐन वसंतात, सगळ्याजणी फुलं माळून आल्या असताना ही काळे कपडे घालून पितरांना आठवायला आली होती. तिच्या गावी तेव्हा पानगळ असते. मंडळात कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही, म्हणून रिंगण घालायचा मान चिठ्ठी टाकून देतात. आज चिठ्ठी फिलिपाची निघाली आणि ती मोठ्या ऐटीत, इंग्लंडच्या रीतीनं, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे चालली.

"अगं, हे घालणं नाही, हे उसवणं झालं," मंडळातली ग्लेनिस म्हणाली. ग्लेनिसचा जन्म दातांच्या दवाखान्यात नोकरी करण्यात गेला होता. समोरच्यानं तोंड उघडावं पण बोलू नये, अशी तिची साधी अपेक्षा असे.

फिलिपाचं म्हणणं, रिंगण पडलंय, आता उलट चालून मी ते उघडते. ग्लेनिसचं म्हणणं, उलट चाललीस की खरं रिंगण पडेल आणि आपण जास्तच अडकू. न उघडता बाहेर पाऊल टाकलं तर मागितलेलं उलटतं, यावर मात्र दोघी ठाम होत्या.

"पण पडलंच नसेल तर मी जाऊ का?" लिओनीनं विचारलं.

"काठी कुणाकडे आहे?" ग्लेनिस म्हणाली.

मंडळात जिच्या हातात काठी तिनंच बोलायचं आणि निर्णय एकमतानं घ्यायचा. काठी फिरू लागली. एकीनं दोन्ही बाजूंचा आदर व्यक्त केला. दुसरीनं आपल्या गुडघ्याबद्दल सांगितलं. लिओनीच्या मेणबत्तीचं मेण मनगटावर ओघळलं.

ड्रायव्हिंग शिकवणारा बॅरी फाटकाशी हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी कुंपणापर्यंत आला. "अहो बायांनो, जरा घड्याळाकडे बघा की."

घड्याळाचं नाव त्यानं काढायला नको होतं. काठी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

एवढ्यात ग्लेनिसचा कुत्रा रिंगणात आला, नैवेद्याचा सॉसेज रोल उचलून निवांत बाहेर गेला. कुणी काही म्हटलं नाही. कुत्र्यामांजरांना रिंगणाचं बंधन नसतं, हे दोन्ही गोलार्धांत मान्य आहे.

लिओनीनं मेणबत्ती खाली ठेवली आणि ती गवतात ओणवी झाली.

"हे काय चाललंय?" फिलिपानं विचारलं.

"मी जनावर आहे," लिओनी म्हणाली. "मला जाऊ द्या."

 मग ग्लेनिसनं काठी मागून घेतली. "सस्तन तर आहेच ती."

मंडळाच्या इतिहासातलं हे सर्वांत झटपट एकमत. लिओनी मेंढ्यांच्या लेंड्यांतून रांगत कुंपणापर्यंत गेली, तिथे उभी राहिली आणि बॅरीच्या गाडीकडे पळत सुटली.

परीक्षकानं तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही; त्यानं तिचं ड्रायव्हिंग पाहिलेलं होतं. चौक आला. हात नेहमीच्या वाटेला निघाले, तोच तिला फिलिपाच्या प्रदक्षिणेकडे बघणाऱ्या ग्लेनिसचं तोंड आठवलं. ज्या बाजूनं गेल्यानं ग्लेनिसच्या जिवाला जास्तीत जास्त त्रास होईल, त्या बाजूला तिनं चाक वळवलं. पास झाली.

कुरणाकडे ती स्वतः गाडी चालवत परतली. बॅरी शेजारी घोरत होता, जे आजवर त्याला कधी जमलं नव्हतं. बायका अजून रिंगणातच होत्या. पास झाल्याचं ऐकताच सगळ्या आहे तिथेच नाचल्या.

"म्हणजे रिंगण पडलंच नव्हतं," ग्लेनिस म्हणाली.

"पडलं होतं म्हणूनच झाली ना पास," फिलिपा म्हणाली.

मग ग्लेनिसनं काठी रोखली. "लिओनी, चौकात कुठल्या बाजूनं गेलीस?"

सगळ्या माना वळल्या. कुठलंही उत्तर दिलं तरी काठी अंधार पडेपर्यंत फिरणार, हे लिओनीला स्वच्छ दिसलं.

"चौक खणून ठेवलाय," ती म्हणाली. "मागच्या गल्लीतून नेलं मला."

बायका हळहळल्या. बिचारा चौक. आणि बघता बघता दुसऱ्यांदा एकमत झालं: चौक लवकर बरा व्हावा म्हणून उद्याच त्याच्याभोवती रिंगण घालायचं, आणि आता लायसन्स आहे तर सगळ्यांना तिथे घेऊन लिओनीनंच जायचं.