तारबाबूची नायिका

प्रभाकरपंतांनी एक जुनं संस्कृत नाटक नव्या थाटात लिहायला घेतलं, तेव्हा ठाण्याच्या कचेरीतल्या या कारकुनाला नाटकाची हौस आहे, असं सगळ्या कल्याण गावाला वाटलं. त्यांना हौस होती ती बायकोशी बोलायची.

सुमती नांदायला येऊन तीन वर्षं झाली होती. पण घर दोन खोल्यांचं. आत आईजवळ सुमती झोपे, ओटीवर पंत. आणि दिवसाढवळ्या आईसमोर बायकोशी बोलण्याचा निर्लज्जपणा तेव्हा कोण करणार? (पंत भिंतीकडे बघून "पाणी" म्हणत आणि दाराआडून तांब्या पुढे येई.) बांगड्या तेवढ्या ऐकायच्या आणि मन मारून गाडी गाठायची. जीव अगदी तुटायचा.

म्हणून नाटकातल्या राजाचा त्यांनी स्टेशनातला तारबाबू केला, राणीला नदीवर पाण्याला पाठवलं आणि नायकाच्या तोंडी मनातलं सगळं घातलं. नायक अर्थात ते स्वतः. देवळाच्या आवारात खेळ होणार, बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसणार, पंत तिकडे तोंड करून बोलणार आणि सुमती ऐकणार!

घोडं अडलं ते गोपीनाथच्या मिशीपाशी. गोरा, नाजूक गोपीनाथ नायिका होणार होता. खेळाच्या आदल्या दिवशी पंत म्हणाले, "अरे, आता मिशी काढ."

"आमचे तीर्थरूप हयात आहेत!" गोपीनाथ किंचाळला. "बाप असताना मिशी उतरवू? लोक सांत्वनाला येतील घरी!"

चौकशी केली तर सगळ्याच नटांचे वडील ठणठणीत. वडील नसलेले एकटे पंत. मंडळी त्यांच्या ओठाकडे बघू लागली.

मिशी गेली आणि तिच्याबरोबर तारबाबूही गेला. त्याचं काम गोपीनाथला मिळालं, पंतांना सुमतीचं लुगडं.

"नेसव गं त्याला," आई म्हणाल्या. "आणि दार लावून घे, ओटीवर माणसं बसलीत."

दार लागलं. भरदिवसा, तीन वर्षांत पहिल्यांदा! सुमती इतकी जवळ की तिच्या वेणीतल्या अबोलीची फुलं मोजता यावीत.

"घट्ट होतंय," पंत म्हणाले.

"असंच असतं."

"अगं, मला तुला..."

"श्वास सोडू नका हो! निऱ्या सुटतील."

पंतांनी श्वास धरला. निऱ्या संपतात तोच आईंनी दार ठोठावलं.

खेळ रंगला. पंत खाली मान घालून उभे आणि मिशीला पीळ देत गोपीनाथ म्हणतोय, "सगळ्या मुलखाच्या तारा माझ्या हाताखालून जातात. तुला एक शब्द पाठवायला मात्र मला तार नाही!" पडद्याआड कोणीतरी हुंदका दिला. त्याबरोबर वाजलेल्या बांगड्या पंतांनी ओळखल्या.

घरी लुगडं सोडवायला पुन्हा दार लागलं. सुमतीचे डोळे लाल होते.

"किती छान बोलले हो गोपीनाथभावजी!"

"ते मी लिहिलंय. तुझ्यासाठी."

"इश्श, काहीतरीच!" सुमती हसली. "दुपारी एवढे एकटे होतो. 'घट्ट होतंय' म्हणालात, बस्स!"

पुढच्या वर्षी मंडळींनी पंतांना आग्रहाने नायकाचं काम देऊ केलं. पंतांनी नायिकेचंच मागून घेतलं. केवढी कलेवरची निष्ठा, असं गाव म्हणालं.

दार लागलं. पंतांनी या वेळचं वाक्य वर्षभर घोकलं होतं.

"सुमती..."

"थांबा," सुमती निऱ्या घालत म्हणाली, "यंदा पोट सुटलंय तुमचं. आधी श्वास धरा."