जब्बारमामूंचं टारगेट

रमजानचा चांद दिसायच्या आदल्या आठवड्यात जब्बारमामूंच्या समोर तोंड उघडायचं नसतं. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी मात्र उघडलं. बरं, काही बोलायला उघडलं असतं तर गोष्ट वेगळी. मी नुसती जांभई देत होतो. शाळेतून दमून आलो होतो, पानठेल्यापाशी टेकलो होतो, आणि समोरून मामू सायकलवर येताहेत हे जांभईच्या ऐन मध्यावर माझ्या लक्षात आलं. मिटायला वेळच मिळाला नाही.

"बोला मास्तर, बोला!" मामूंनी ब्रेक दाबला. "यंदाचं टारगेट काय?"

गडबडीत मी म्हणालो, "यंदा... चांगला माणूस व्हायचं ठरवलंय."

मामूंनी सायकल स्टँडवर लावली. म्हणजे मामला लांबणार. "हे टारगेट नोय मास्तर. हे कंपनीच्या क्यालेंडरवर छापतात ते वाक्य हाय. चांगला म्हंजे कोनासंग चांगला? घरी का भाईर?"

पान लागेपर्यंत मामूंनी माझं टारगेट ठरवलंसुद्धा. महिनाभर अकोल्याच्या साडूबद्दल एकही वाकडा शब्द काढायचा नाही. आता, माझ्या साडूचं अकोल्यात टाइल्सचं मोठं दुकान आहे, दारात गाडी आहे, आणि त्याच्याबद्दल वाकडं बोलणं ही आमच्या घरची संध्याकाळची एकमेव करमणूक आहे. पण हे मामूंना कोणी सांगितलं? घरी येऊन बायकोला विचारलं, तर नसीम कणीक मळता मळता म्हणाली, "सांगाले कोन पाह्यजे? तुमचा आवाज वर्गातला हाय. सारी गल्ली आयकते."

जब्बारमामू तसे कोणाचेच सख्खे मामू नाहीत. बियाण्यांच्या एका कंपनीत ते विक्रीचं काम करत. तिवस्यापासून पार अकोटापर्यंत बांधाबांधावर फिरून त्यांनी कपाशीचं बियाणं विकलं. त्यामुळे घरात उर्दू, मशिदीत उर्दू, तरी मामूंच्या तोंडात वऱ्हाडीच. नमाजानंतर हात पसरून ते अल्लाशीही वऱ्हाडीतच बोलतात अशी आमची खात्री आहे. रिटायर झाले, कंपनी सुटली, पण टारगेट काही सुटलं नाही.

"रोजा तं सारेच धरतात," ते सांगत. "पोट उपाशी ठेवनं हा झाला बेसिक पगार. कमिशन कशावर भेटते? जिभेवर, डोयावर, कानावर. तिथं टारगेट पाह्यजे." शेवटच्या दहा दिवसांना ते सरळ 'मार्च एंडिंग' म्हणतात. हल्ली रमजान खरोखरच मार्चच्या आसपास येतो, म्हणून तर त्यांना विशेष जोर चढतो.

एकदा मौलानासाहेबांनी हसत हसत समजावलं, "जब्बारभाई, नियत तो अल्लाह और बंदे के बीच की बात है."

"बरोबर हाय मौलाना," मामू म्हणाले. "पन मंधात एखादा सुपरवायझर असला तं काम लौकर होते."

सत्तार टेलर हे त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. ईदच्या कपड्यांसाठी येणाऱ्या प्रत्येकाला सत्तार 'उद्या देतो' म्हणतो. मामूंनी त्याला टारगेट दिलं: महिनाभर 'उद्या' हा शब्द बंद. सत्तारनं ते प्रामाणिकपणे पाळलं. महिनाभर तो 'परवा' म्हणत होता.

स्वतःला मात्र मामू सूट देत नसत. एका साली त्यांनी रागाचं टारगेट घेतलं. नेमकं पहिल्याच दिवशी इतवारा बाजारात एका भाजीवाल्याशी खटकलं. मामूंनी दात आवळले, "ईद होऊ दे, मंग पाह्यतो तुले," एवढंच म्हणाले आणि निघून आले. ईद झाली. दुसऱ्या दिवशी बाह्या सावरून मामू बाजारात गेले, भाजीवाल्यासमोर उभे राहिले, आणि भांडण कशावरून होतं तेच आठवेना. त्यालाही आठवेना. बराच वेळ दोघांनी मिळून आठवून पाहिलं. शेवटी मामू वांगी घेऊन परत आले. दुसऱ्या एका साली तंबाखूचा खर्रा सोडला. या वयात म्हणे कुराणातली सूरह यासीन पाठ करायची, तर गॅस सिलेंडरच्या रांगेत उभं राहून पाठ केली. मामी तेव्हा होत्या. त्या रोज संध्याकाळी म्हणून घ्यायच्या आणि चुकलं की ओट्यावर चमचा वाजवायच्या. मामी गेल्या, त्याला आता काही वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात मामू आणि त्यांची सायकल.

तर यंदा चांद दिसला, फटाके वाजले, रात्रीच्या तरावीहच्या नमाजा सुरू झाल्या, आणि मामू गायब. माझ्या साडूचा हिशेब विचारायला कोणी येईना. सत्तार तर बेचैन झाला. "मास्तर, मी काल चारदा 'उद्या' म्हनलो, कोनी टोकलंच नाई," असं तो मला सांगायला आला. मामू मशिदीत दिसत, पण मागच्या रांगेत. नमाज संपवून सलाम फिरवला की चप्पल शोधायला सगळ्यांत आधी.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. मार्चचं ऊन, आणि घराच्या साऱ्या खिडक्या बंद. वरून चादर लावलेली. दार वाजवलं तर आत भांड्यांची धावपळ ऐकू आली. दार बोटभर उघडलं. फटीत मामूंचा एक डोळा, आणि दाढीत भाकरीचा एक कण.

"आत या लौकर. दार लावा."

पलंगावर वर्तमानपत्रानं झाकलेलं ताट होतं. शेजारी इन्सुलिनचं पेन. मी काही विचारायच्या आत मामूच बोलू लागले. "शुगर लय वाढली. डॉक्टरनं रोजा मना केला. सुई घ्या लागते, अन् सुई घेतली का खा लागते. म्या म्हनलं, डॉक्टर, अर्धा तरी धरू द्या. तं तो म्हने, मामू, रोज्याले हाफ तिकीट नाई."

मी हसलो. मामू नाही हसले.

"मौलानाले इचारलं. तो म्हने, बीमार मानसाले सूट हाय, फिदया द्या. देऊन राह्यलो, रोज एका गरिबाचं जेवन पोचवतो. सारं कायद्यानं हाय. पन मास्तर, साऱ्या गल्लीले टारगेट वाटत फिरलो, अन् आता चोरावानी जेवतो. कुकर लावत नाई मी. शिट्टी झाली तं लोक म्हनतीन, पाहा, जब्बार भर दुपारी शिजवून राह्यला." त्यांनी वर्तमानपत्राचं टोक नीट केलं. "सांगा, आता माह्यं टारगेट काय?"

जन्मभर मी मुलांना प्रश्न विचारत आलो. मला कोणी विचारला की मी काहीतरी भलतंच उत्तर देतो. मी म्हणालो, "आराम करा."

मामूंनी माझ्याकडे, नमुना पाहूनच बियाणं नापास करावं, तसं पाहिलं.

घरी येऊन नसीमला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर तिनं रश्श्याची वाटी बशीनं झाकून माझ्या हातात दिली. "मामूले नेऊन द्या. म्हना, मीठ पाहून सांगा."

ज्यांच्या घरी रोजे असतात त्यांना ही अडचण सांगायला नको. स्वयंपाक करणारी उपाशी, घरचे सारे उपाशी, म्हणून भाजीत मीठ पडतं ते अंदाजानं. आणि अंदाज चुकला हे इफ्तारच्या वेळी सर्वांना एकदमच कळतं. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकायची सवलत आहे म्हणतात. पण नसीम म्हणते, "माह्या जिभेचा भरोसा नाई. ते थुंकाच्या आधी गियते."

मामूंनी वाटी घेतली, चमच्याचं टोक बुडवलं, डोळे मिटले. कपाशीचं बोंड पारखावं तसं बराच वेळ पारखलं. "माल चांगला हाय. मीठ बसलं नाई. चिमूटभर टाका, अन् एक उकयी घ्या."

आठवडाभरात ही बातमी सगळ्या घरांत गेली. दुपार कलली की मामूंच्या ओट्यावर झाकलेल्या वाट्या मांडल्या जात. चमच्याचं टोक, त्याहून जास्त नाही, अशी डॉक्टरांकडून परवानगी आणून मामू कामाला लागले. खिडकीवरची एक चादर निघाली. रिपोर्टही येऊ लागले. "सत्तारच्या घरची दाय: मीठ बरोबर, पन तिखटाची डिलिव्हरी जास्त झाली." सत्तारच्या बायकोनं हे नवऱ्याला सांगितलं आणि इफ्तारनंतर सत्तारनं आपलं पोळलेलं तोंड दाखवून तक्रार खरी असल्याचं कबूल केलं.

आमच्या वाटीचा निकाल मात्र रोज एकच: चिमूटभर कमी. मी नसीमला म्हणालो, "एवढी वर्षं झाली, तुझा हात तर कधी चुकत नाही."

"मी मुद्दाम कमीच टाकते," ती म्हणाली. "बरोबर टाकलं तं मामूले काम काय राहीन?"

मग एक दिवस अकोल्याहून साडू इफ्तारला येणार असं ठरलं. मी काहीच बोललो नाही, टारगेट होतं. नसीमनं मामूंनाही दस्तरखानावर, म्हणजे आमच्या पंगतीला, बोलावलं. मामू आढेवेढे घेत होते, पण तिनं वाटीसोबत स्वतः जाऊन सांगितलं, तेव्हा 'येतो बेटा' म्हणाले. साडूसमोर उगीच जोखीम नको म्हणून तिनं त्या दिवशी मटणाच्या रश्श्यात मीठ पुरतं टाकलं होतं. निकाल आला: चिमूटभर कमी. नसीम जरा थबकली. पण मामूंचा शब्द. तिनं चिमूट टाकली.

मामू अजानीच्या आधीच आले, धुतलेला कुर्ता घालून. हात मांडीवर ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. अजान झाली. मामूंनी खजूर घाईनं तोंडात टाकला. पाण्याचा ग्लास त्यांनी एका दमात रिकामा केला, दुसरा भरला, तोही रिकामा केला. नसीम त्यांच्याकडे बघत होती.

मग जेवण वाढलं. साडूनं एक घास घेतला आणि अत्यंत सभ्यपणे पाण्याकडे हात नेला. मी घास घेतला. समुद्र!

"मामू," नसीम हळूच म्हणाली, "आज तुमी वाटी चाखली नाई."

मामूंनी मान खाली घातली.

"रोजा धरला तुमी."

"धरला," मामू म्हणाले. "रोज कमीच राह्यते, म्हनून अंदाज मारून सांगून देल्लं." खजुराची बी ताटात ठेवून म्हणाले, "तू दस्तरखानावर बोलावलं, बेटा. इथं सारे दिवसभराचे उपाशी बसतीन. त्याईच्या पंगतीत मी पोट भरून येऊन कसा बसू? सुईबी घेतली नाई. रोज चोरून जेवतो, आज चोरून उपाशी राह्यलो."

साडू उठला. त्यालाही शुगर आहे, हे मला तेव्हा कळलं. गाडीतून त्यानं तपासायचं मशीन आणलं, मामूंचं बोट हातात घेतलं, आकडा बघून डॉक्टरांना फोन लावला, आणि ते सांगतील तसं सगळं, स्वतः न जेवता केलं. मामूंचा आकडा खाली येईपर्यंत तो त्यांच्याशेजारून हलला नाही. त्यानंच त्यांना गाडीतून घरी सोडलं, चार घरांच्या अंतरावर.

दस्तरखान गुंडाळताना मी नसीमला म्हणालो, "चूक आपलीच. आपण बोलावलं नसतं तर बरं झालं असतं."

"बोलावलं ते बरोबर होतं," ती म्हणाली. "वेळ चुकली. उद्यापासून मामूची वाटी बंद. दुपारी आपल्या ओसरीत ताट वाढीन, मी समोर बसीन, अन् दार उघडं ठेवीन. सूट अल्लानं देल्ली हाय, मंग दार काहाले लावा लागते मानसाले?"