बाहेरगावचे हसू

रखमा करगळ हिचे हसू नऊ दिवस उशिरा पोचते, अशी नोंद आमच्या आवक-जावक विभागात पहिल्यांदा जुलैच्या अठरा तारखेला झाली.

तिच्या वसतिगृहाच्या खोलीत राहणाऱ्या अन्विता देवस्थळीने नऊ तारखेला कॅन्टीनमध्ये एक विनोद केला होता. सरांचे व्याख्यान इतके लांबले की पहिल्या बाकावरच्या मुलाला मध्येच नोकरी लागली, असा काहीसा. टेबलावरचे पाचजण तेव्हाच हसले. रखमा हसली ती अठरा तारखेला, सकाळी सव्वाअकरा वाजता, ग्रंथालयाच्या रांगेत, एकटीच. ग्रंथपालांनी तिला आमच्याकडे पाठवले.

यात विशेष काही नाही. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पान बेचाळीसवर ते दिलेले आहे. शहरातल्या मुलांचे विनोद टेबलावर होतात आणि टेबलावरच संपतात. त्यांची नोंद ठेवावी लागत नाही. जी मुले हसायला दुसरीकडे शिकून आलेली असतात, त्यांच्या वाट्याचा विनोद आधी तिकडे जातो. ज्या माणसाकडून ती हसायला शिकली, त्याला तो कळतो, तो माणूस हसतो, आणि मग ते हसू परत येते. वेग त्या माणसाच्या रोजच्या चालीचा. एका मुलाचे वडील सायकलवरून टपाल वाटतात. त्याचे हसू दुसऱ्या दिवशी येते. एका मुलीची आई एसटीत कंडक्टर आहे. तिचे संध्याकाळी साडेसहाला येते, क्वचित सातला.

मी नमुना तीन काढला.

"हसायला कुणाकडून शिकलीस?"

"आबांकडून. वडील माझे."

"काय करतात?"

"मेंढरं आहेत आमची."

"पत्ता सांग."

"आता पावसाळ्यात पारनेरकडं, वस्तीवर. दिवाळी झाली की निघतात. मग ताम्हिणीनं खाली कोकणात. पत्ता फिरता हाय." मग तिने स्वतःच सुधारले, "आहे."

पत्त्याच्या रकान्यात मी 'फिरता' लिहिले. बावीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द तिथे पहिल्यांदा लिहिला.

अन्विताच्या टेबलाने सुरुवातीला रखमाला सांभाळून घेतले. विनोद झाला की सगळे हसायचे आणि मग एकदा तिच्याकडे पाहायचे. ती मान हलवायची, म्हणजे पोच मिळाली, हसू मागाहून येईल. पण रोज कोण थांबणार? महिन्याभरात ते पाहीनासे झाले. तिच्या बाजूने पाहिले तर आणखी अवघड होते. तिला दर दिवशी कोणते ना कोणते जुने हसू यायचे, आणि ते कशाचे हे सांगायला गेले तर ऐकणाऱ्यांना तो विनोद आठवत नसायचा.

ऑगस्टमध्ये अन्विताने तिच्या कुत्र्याचा विनोद सांगितला. ब्रूनोला आहारतज्ज्ञाकडे नेले होते. आहारतज्ज्ञाने त्याला फक्त सॅलड लिहून दिले, म्हणून तो आहारतज्ज्ञालाच चावला. हा विनोद बारा तारखेला गेला. पोचल्यावर तिकडे काय झाले, ते रखमाने मला नंतर सांगितले. आबा त्या वेळी वाघर लावत होते, म्हणजे मेंढरे आत ठेवायची जाळी. कुत्र्याला वैद्य असतो आणि तो वैद्य कुत्र्याला पाला खायला सांगतो, हे त्यांना आधी खरेच वाटेना. त्यांनी शेजारच्या दोघांना विचारले. मग ते जे हसले, त्यात हातातली जाळी सुटली आणि अर्धी मेंढरे शेजारच्या मटकीत गेली.

ते हसू एकवीस तारखेला इथे पोचले. त्या दिवशी मुख्य सभागृहात एका निवृत्त प्राध्यापकांची शोकसभा होती. दोन मिनिटांच्या स्तब्धतेतले एक मिनिट झाले होते. हसू मोठे होते. पुरते बाहेर येईपर्यंत दुसरे मिनिटही संपले.

समिती बसली. अध्यक्ष विद्यार्थी कल्याणचे डॉ. निरगुडकर. मी नोंदवही घेऊन हजर होते.

"हसण्याला आमची हरकत नाही," डॉ. निरगुडकर म्हणाले. "हरकत वेळेला आहे. तू नमुना सात का भरत नाहीस? पत्ता बदलून घे. विनोद इथल्या इथेच राहील, हसू सामाईक साठ्यातून तात्काळ मिळेल. सुटसुटीत असतं. बऱ्याच जणांनी केलंय. मीसुद्धा."

"तुमचे आधी कुठं जायचे, सर?" रखमाने विचारले.

ते चष्मा पुसू लागले. "आता नाही आठवत," ते म्हणाले.

"मग माझ्या आबांकडं काहीच जाणार नाही?"

"त्यांनी हसायला पाहिजे असं थोडंच आहे? विद्यार्थी तू आहेस."

तिने नमुना सात घेतला, घडी करून पुस्तकात ठेवला. भरला नाही.

दिवाळीनंतर एक वेगळी गोष्ट झाली. हसू नऊ दिवसांवरून आठवर आले, मग पाचवर, मग दोनवर. मी नोंदीशेजारी तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह केले. रखमा म्हणाली, "निघालेत ते. शिरूर सोडलं." नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला वाडा आमच्या मागच्या भिंतीपलीकडच्या पडीक जागेत उतरला. वाडा म्हणजे त्यांची चारपाच बिऱ्हाडे, घोडी, कुत्री आणि तीनशे मेंढरे. त्या दिवशी रखमाचे हसू तीन सेकंदांत आले.

मुक्काम आठ दिवसांचा होता. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही. उलट टेबलावर असे ठरले की रखमा विचार करून हसते, म्हणजे तिला खोल कळते. तिला 'रॅक्स' असे नाव मिळाले. एकीच्या वाढदिवसाला बोलावणे आले. तिने कुर्त्याला इस्त्री करून घेतली, हे मला ठाऊक आहे, कारण आमच्या विभागाची इस्त्री तिने मागून नेली होती.

सहाव्या दिवशी अन्विता म्हणाली, "ए रॅक्स, मागे मेंढ्या आल्यात, किती क्यूट! चल ना, फोटो काढू." चौघीजणी भिंतीच्या तुटक्या भागातून पलीकडे गेल्या. अन्विताने एक कोकरू उचलले. ते धरायचे कसे हे तिला माहीत नव्हते. त्याचे पाय लोंबत होते. रखमाला माहीत होते. ती हात मागे बांधून उभी राहिली.

समोर धुळा करगळ, म्हणजे तिचे आबा, काठी टेकून उभे होते.

"काका, चालेल ना फोटो काढला तर?" अन्विताने विचारले.

"काढा की," ते म्हणाले. त्यांनी चौघींकडे सारखेच पाहिले, एकीकडेही जास्त नाही. मग पाठ फिरवून ते घोडीचे दावे सोडून पुन्हा बांधू लागले. ते आधी नीट बांधलेलेच होते.

परतताना अन्विताने, काकांचे मुंडासे इतके मोठे आहे की त्यात वायफाय असेल, असे काहीतरी म्हटले. मुली हसल्या. तीन सेकंदांनी रखमाही हसली.

हे तिने मला सांगितले तेव्हा ती काउंटरच्या कडेवर नख घासत होती. "म्हणजे ते हसले," ती म्हणाली. "आधी ते हसले, म्हणून मला आलं."

मी म्हटले, "नियम तसाच आहे."

वाडा ताम्हिणीकडे निघाला. हसू पुन्हा एक दिवस, तीन दिवस, सहा दिवस असे लांबत गेले. आठ दिवस वेळेवर हसल्यानंतर उशिरा हसणे लोकांना जास्त खटकते. डिसेंबरच्या दोन तारखेला रखमाने नमुना सात भरून माझ्यासमोर ठेवला. मी शिक्का मारला. ते माझे काम आहे.

पंधरवडा चांगला गेला. ती कॅन्टीनमध्ये सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकेच आणि सगळ्यांसारखे हसली. महाबळेश्वरच्या सहलीच्या यादीत तिचे नाव लागले. मग एका दुपारी ती फोन हातात घेऊन आली. फोन त्यांच्याकडे होताच. पण विनोद फोनवरून जात नाहीत, हे पान बेचाळीसवर आहे.

"आबांचा होता," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

तिने त्यांच्यासारखे बोलून दाखवले. "'पंधरा दिस झालं, इनोद येईना झालेत गं. कुणाशी भांडलीस का काय?' मी म्हटलं, परीक्षा हाय आबा, कुणी इनोद करत न्हाई. तर म्हणाले, 'बरं बरं. अब्यास कर. पर एखांदा आला तर धाड. हितं मानगावाकडं लई सुनं वाटतंय. सांजचं वाट बघायची सवं लागली.'"

मग ती म्हणाली, "तो फॉर्म परत मिळंल का?"

"मिळेल. पण नमुना सात एकदाच भरता येतो. मागे घेतलास तर पुन्हा नाही."

"द्या."

मी रद्दचा शिक्का मारून दिला. त्यानंतर हसू दहा दिवसांनी येऊ लागले. सहलीची गाडी लहान निघाली, असे अन्विताने तिला सांगितले. आवाज वाईट नव्हता. रखमा कोपऱ्यातल्या टेबलावर जेवू लागली. तिथून मोठ्या टेबलावरचे विनोद ऐकू यायचे. ती ते रोज पाठवायची.

जानेवारीच्या चार तारखेला मात्र तिने स्वतः एक विनोद केला. ती ताट घेऊन मोठ्या टेबलाशी गेली. तिथे पुन्हा ब्रूनोच्या सॅलडचा विषय निघाला होता. रखमा म्हणाली, "आमच्या कुत्र्यालापण आहारतज्ज्ञ आहे. आमचे आबाच. एकच सल्ला देतात, 'आमचं होऊ दे, उरलं तर तुझं.'"

कुणी हसले नाही. अन्विताने तिच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "सॉरी रॅक्स. किती हार्ड असेल ना तुमच्यासाठी."

रखमा दुपारी जावक नोंदवायला आली. पाठवणाऱ्याच्या रकान्यात मी नेहमीप्रमाणे अन्विताचे नाव लिहू लागले, तेव्हा ती म्हणाली, "नाही, ह्या वेळी माझं लिहा." जावक क्रमांक दोनशे अकरा. तो नऊ तारखेला संध्याकाळी माणगावला पोचायला हवा होता, आणि हसू चौदाला इथे.

दहा तारखेच्या पहाटे धुळा करगळ वारले. झोपेत. सकाळी उठले नाहीत म्हणून कुत्रे भुंकत राहिले, तेव्हा कळले. रखमा साडेनऊच्या एसटीने गेली. त्या वेळी त्यांची शेवटची हसणी वाटेत होती, म्हणजे ताम्हिणीच्या घाटात कुठेतरी ती आणि एसटी एकमेकांना ओलांडून गेली असणार.

विद्यार्थी गैरहजर असेल तर आलेले हसू आवक विभागात ठेवतात. त्यासाठी पत्र्याचा उथळ ट्रे असतो. पेपरवेट लागत नाही. अकरा, बारा आणि तेरा तारखेला एकेक आले. चौदाला दुपारपर्यंत काही आले नाही. मी जेवायला गेले नाही. चार वाजून दहा मिनिटांनी आले. मी क्रमांक लावून पाहिला. दोनशे अकरा.

दहावा करून ती बावीस तारखेला परत आली. बॅग खांद्यावरच होती.

"काही आलंय?"

"चार."

मी ट्रे पुढे सरकवला. पहिले तीन तिने उभ्यानेच घेतले. अन्विताचेच विनोद होते ते, परीक्षेचे, मेसच्या वरणाचे. ती तीनदा हसली, तिसऱ्याला जरा जास्त. शुल्काच्या रांगेतली मुले वळून पाहू लागली. मग तिने चौथ्याचा क्रमांक वाचला आणि हात मागे घेतला.

"पोचला होता म्हणजे," ती म्हणाली.

"पोचला होता. परत आलंय म्हणजे ते हसले होते."

"चुलते सांगत होते. रात्री जेवताना एकटेच हसत होते म्हणे. विचारलं तर म्हणाले, 'ह्यो पोरीचा सोताचा हाय.' आणि कुणाला सांगितलाच नाही." तिने बॅगेचा पट्टा नीट केला. "बाई, हे इथंच राहू दे?"

"पंधरा दिवसच ठेवता येतं. मग निकाली काढावं लागतं."

"मुदत वाढवून मिळत नाही?"

नियमात तशी तरतूद नाही. पण पूर्वी एकदा मुदतवाढ दिलेली आहे. सहा वर्षांपूर्वी, एकाच नोंदीला. अर्ज माझा होता. मी कपाटातून तो कागद काढला आणि त्याच्यावरून तिचा अर्ज तयार करून दिला. तिने सही केली.

त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी येते. पत्ता तिने बदललेला नाही, बदलताही येत नाही. कानावर पडलेले विनोद ती अजून पाठवते. जावक वहीत ते चढतात, समोरचा आवकचा रकाना कोरा राहतो, आणि वार्षिक तपासणीत त्याबद्दल कुणी विचारले नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर आता कधीकधी कंडक्टरबाईंची मुलगी बसते. साडेसहाला ती हसते आणि रखमा तिच्यासाठी पाण्याचा ग्लास पुढे करते.

रखमा सध्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा ती आली, ट्रेमध्ये डोकावली, आहे ना एवढे पाहिले आणि सही केली. मी तारखेचा शिक्का मारला आणि ट्रे खिडकीपासून जरा आत सरकवला. दुपारी त्या बाजूला ऊन येते.